खिडकीचा सातबारा

मंगरुळपीर तालुक्यातल्या आसेगावात राहणाऱ्या माणसाला आपण आसेगावातच राहतो हे पटवून द्यायला रहिवासी दाखला लागतो. गरीब असेल तर उत्पन्नाचा दाखला, शेतकरी असेल तर सातबारा आणि आठ-अ. म्हातारा असून पेन्शन चालू असेल, तर दर नोव्हेंबरात आपण अजून जिवंत आहोत याचंही प्रमाणपत्र द्यावं लागतं. समोर उभा राहून खोकला तरी तेवढ्याने भागत नाही. आणि माणसाच्या खरेपणावर शिक्का उठवणारे हे सगळे कागद ज्या संगणकातून बाहेर पडतात, त्याच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, फिकट करड्या अक्षरांत दोन ओळी असतात. पहिली ओळ ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’. दुसरी कुणी वाचलेली नाही.

आसेगावातल्या अमुक दुकानात असा संगणक आहे, असं या सदराचं म्हणणं नाही. अब्रूनुकसानीचा खटला झेपण्याएवढं सदराचं मानधन नाही. कारंजा धरा, रिसोड धरा, पुण्यातली एखादी काचेच्या दाराची कचेरी धरा, गोष्ट तीच राहील. आसेगाव घेतलं ते एवढ्यासाठी की वाशीम हा नीती आयोगाच्या यादीत महाराष्ट्रातल्या चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. बाकीचे नंदुरबार, गडचिरोली आणि धाराशिव. आकांक्षा धरायचीच, तर ती असली विंडोजची का धरू नये?

वऱ्हाडात विंडोज कुणी इन्स्टॉल करत नाही. ती मारतात. आधी फॉरमॅट मारतात, मग विंडोज मारतात, वर क्रॅक मारतात, आणि ते होईपर्यंत चहा मारतात. भाव तीन-चारशे रुपये, ओळख असेल तर नुसता चहा. मारणारा पोरगा किल्ल्यांच्या जुडग्यातून पेनड्राइव्ह काढतो. त्यात विंडोज सात, दहा आणि अकरा शेजारी-शेजारी नांदत असतात. ऑफिस, फोटोशॉप आणि दोन-चारशे मराठी फॉन्ट वर फुकट. मग तो सगळ्यात महत्त्वाचं काम करतो: अँटिव्हायरस बंद करतो. कारण जे ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ तो आता चालवणार असतो, त्याला विंडोजचाच डिफेंडर ‘हॅकटूल’ म्हणून पकडतो आणि बोंबा मारतो. आधी पहारेकऱ्याला घराबाहेर काढायचं, मग घरात शिरायचं आणि निघताना मालकाला सांगायचं, ‘अपडेट मारू नका, भाऊ, नायतर ते काळं पडते.’

या अ‍ॅक्टिव्हेटरची करामत मोठी गमतीची आहे. हजारो संगणक असलेल्या मोठ्या कंपन्यांसाठी मायक्रोसॉफ्टने एक सोय करून ठेवली आहे: कंपनीच्या आवारातलाच एक सर्व्हर बाकीच्या संगणकांना परवानगी देतो, ती १८० दिवस टिकते आणि मुदत संपण्याआधी पुन्हा वाढवून मिळते. क्रॅक इथे एक थाप मारतो. संगणकाला तो पटवून देतो की बाबा रे, तू अशाच एका बड्या कंपनीच्या कचेरीत आहेस आणि सर्व्हर इथे जवळच आहे. म्हणजे सोयाबीनच्या पोत्यांशेजारी, इन्व्हर्टरच्या बॅटरीला पाय लावून बसलेला संगणक मनातून स्वतःला एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या सेवेत समजत असतो. दर सहा महिन्यांनी त्याची नोकरी पक्की होते, आणि एखाद्या वेळी ती चुकली की कोपऱ्यातली करडी ओळ हजर. आसेगावच्या पदवीधरांना असा क्रॅक मिळत नाही.

आता हे एकट्या वऱ्हाडाचं पाप नव्हे. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बीएसए या संघटनेने २००४ सालासाठी भारतातल्या विनापरवाना सॉफ्टवेअरचं प्रमाण ७४ टक्के काढलं होतं. २०१७ साठी तोच आकडा ५६ टक्क्यांवर आला. हा हिशोब विकणाऱ्यांचाच आहे, तेव्हा त्यात थोडा रडण्याचा भाग गृहीत धरावा. तरीही निम्म्याहून अधिक देश एका बाजूला असेल, तर चोर कुणाला म्हणायचं हा प्रश्न बहुमताने सुटायला हरकत नव्हती. कायदा मात्र बहुमत मोजत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नव्वदच्या दशकात कलम ६३-ब घातलं गेलं: संगणकाच्या प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. कमाईसाठी किंवा धंद्यात वापरली नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. पण दाखल्यांच्या दुकानाला ‘कमाईसाठी नाही’ असं म्हणणं अवघड. आणि ‘जाणूनबुजून नव्हतं हो साहेब’ म्हणणं त्याहून अवघड, कारण गुन्ह्याची कबुली चोवीस तास पडद्यावर उजवीकडे खाली छापलेली असते.

प्रत्यक्षात खटले विक्रेत्यांवर होतात. नवीन संगणकात चोरीची विंडोज आधीच भरून देण्याच्या प्रकाराला वकिली भाषेत ‘हार्ड डिस्क लोडिंग’ असं भारदस्त नाव आहे. त्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये एका विक्रेत्याला १९ लाख ७५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. ही बातमी वाशीमपर्यंत पोहोचली असेल तर ती बहुधा कुणीतरी क्रॅक मारलेल्या संगणकावरच वाचली असावी.

कंपनीचं वागणं त्याहून मजेदार. बिल गेट्स यांनी १९७६ मध्ये संगणकवेड्या हौशी मंडळींना उद्देशून जाहीर पत्र लिहिलं होतं. तक्रार अशी, की आमचं बेसिक सगळे वापरतात आणि विकत घेणारे दहा टक्केसुद्धा नाहीत, तुम्ही चोरता. तेच गेट्स १९९८ मध्ये चीनबद्दल बोलताना म्हणाले की चोरणारच असतील तर निदान आमचं चोरावं, सवय लागली की पुढे कधीतरी वसुलीचं बघू. बावीस वर्षांत फिर्यादी सावकार झाला. २००८ मध्ये कंपनीने एक्सपीच्या नकली प्रतींना शिक्षा दिली ती अशी, की डेस्कटॉपवरचं चित्र दर तासाला काळं व्हायचं. चित्र पुन्हा लावा, तासाभराने पुन्हा काळं. खिडकीवर गणपती लावणाऱ्या दुकानदारांनी हे किती मनाला लावून घेतलं असेल! त्याआधी, २४ ऑगस्ट २००७ ला, खऱ्याखोट्याची पारख करणारा कंपनीचा सर्व्हरच बिघडला आणि सुमारे १९ तास त्याने पैसे मोजून विंडोज घेतलेल्या हजारो लोकांना चोर ठरवलं. चोरांना त्या दिवशी काहीच झालं नाही, ते त्या सर्व्हरकडे गेलेच नव्हते. २०१५ च्या मार्चमध्ये तर शेनझेनच्या परिषदेत जाहीर झालं की विंडोज १० नकलीवाल्यांनाही फुकट. मग खुलासा आला: फुकट मिळेल, पण नकली ती नकलीच राहील.

आणि सरकार? त्याने सवय लावण्याचं काम मनावर घेतलं. संगणकशिक्षणासाठी एमकेसीएल २००१ मध्ये उभं राहिलं, त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला, सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागू झालं. संगणक म्हणजे विंडोज, लिहिणं म्हणजे वर्ड, हिशोब म्हणजे एक्सेल हे समीकरण आसेगावच्या पोराने पाठ केलं, परीक्षा दिली, पास झाला. शिकवलेली वस्तू दहा हजारांच्या पुढे मिळते आणि ती विकत घ्यायची असते, हा धडा अभ्यासक्रमात होता की नाही कोण जाणे. असला तर ऑप्शनला टाकलेला.

तर समजा, आसेगावातल्या दाखल्यांच्या एका केंद्रचालकाने ठरवलं की आता असली विंडोज टाकायची. का ठरवलं? विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली म्हणून. त्याच महिन्यात लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची रांग दारात, बहिणीचा ओटीपी येतो तर नवऱ्याचा येत नाही, नवऱ्याचा येतो तर साइट बसते. आणि या सगळ्यात पडदा मध्येच निळा झाला. रांगेतल्या पन्नास आधार क्रमांकांसमोर निळा पडदा उघडला की नास्तिक माणूससुद्धा नीतीकडे वळतो.

तो तालुक्याच्या दुकानात गेला.

‘ओरिजनल विंडोज पाह्यजे.’

‘कायले?’

‘असंच.’

‘रेड पडली का कुठं?’

‘नाही.’

‘मंग ऑडिट लागलं काय?’

‘नाही, जी.’

दुकानदाराने त्याच्याकडे नीट पाहिलं. ‘भाऊ, घरचं सगळं बरं हाय ना?’

असली वस्तू मागणाऱ्याची बाजारात ही अवस्था आहे. दुकानदाराने आयुष्यात विंडोजचं खोकं एकदा पाहिलं होतं, ते कंपनीच्या पोस्टरवर. त्याने किंमत सांगितली, ‘त्यात तुमाले सहा महिन्याचं दुकानभाडं निंगते’ असा सल्लाही दिला, आणि पक्कं जीएसटी बिल मागितल्यावर तर बिलबुक शोधायला आतल्या खोलीत गेला. तिथून आवाज आला, ‘बिलावर संगणक दुरुस्ती लिहिलं तर चालते का?’

खरी गंमत पुढे आहे. केंद्रचालकाचा लॅपटॉप उलटा केल्यावर तळाला विंडोजचं फिकट झालेलं छोटं चिन्ह निघालं. म्हणजे लॅपटॉप घेतला तेव्हाच विंडोजचे पैसे किमतीत धरले होते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, कंपनीने भरून दिलेल्या लॅपटॉपची किल्ली स्टिकरवर नसते, ती मदरबोर्डच्या चिपमध्ये कोरलेली असते. त्याच आवृत्तीची कोरी विंडोज टाका, ती किल्ली आपोआप शोधून घेते आणि स्वतःच खरी होते. पैसा नाही, फोन नाही. याच्या लॅपटॉपात होम सिंगल लँग्वेजची रीतसर किल्ली पहिल्या दिवसापासून झोपलेली होती. पण ‘होम काय वापरता, प्रो मारून देतो’ म्हणत मारणाऱ्या पोराने असली विंडोज पुसून चोरीची टाकली होती, आणि त्याचे साडेतीनशे घेतले होते. हक्काचं काढून चोरीचं बसवायला पैसे मोजणारा गिऱ्हाईक जगात कमी आढळतो. वऱ्हाडात नावानिशी यादी करता येईल.

घरचं काम असं की मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवायची, डेस्कटॉपवर साठलेले ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, ‘न्यू न्यू फोल्डर’ आणि ‘आधार सगळे फायनल’ दुसरीकडे हलवायचे, आणि लाइट जायच्या आत संपवायचं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पाच-सहा जीबी उतरेपर्यंत संध्याकाळ झाली. ती चढली, आणि कोपऱ्यातली करडी ओळ गेली. तिच्याशिवाय पडदा मोकळा-मोकळा दिसायला लागला, आणि दुकानात आलेल्या पहिल्याच माणसाने विचारलं, ‘कम्प्युटर बिघडला का?’

लॅपटॉप सुटला, पण टेबलावरचा डेस्कटॉप उरला. तो सेकंड हँड, तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीचा. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० नावाची चिप लागते. याच्यात दोन्ही नाही. विंडोज १० कंपनीने आपल्या संकेतस्थळावर विकणं ३१ जानेवारी २०२३ नंतर बंदच केलं. म्हणजे पैसे हातात घेऊन उभ्या असलेल्या प्रामाणिक माणसाला एक वस्तू मिळत नाही आणि दुसरी चालत नाही. मारणाऱ्या पोराला यातली एकही अडचण नाही. त्याच्या पेनड्राइव्हातली विंडोज अकरा पिढी विचारत नाही, चिप विचारत नाही, जात-पडताळणीही मागणार नाही.

मग मध्यममार्ग आला: ऑनलाइन, पाचशेच्या आत, ‘लाइफटाइम ओरिजनल की’, पाच तारे, वर ‘थँक यू फॉर युवर ट्रस्ट’. किल्ली लागली, पडदा हिरवा झाला. केंद्रचालकाने घरी पेढे आणले. अशा बऱ्याच किल्ल्या कुठल्यातरी संस्थेच्या घाऊक परवान्यातून गळालेल्या असतात. एकच किल्ली शेकडो जणांना विकतात आणि एक दिवस कंपनी ती बाद करते. लाइफटाइम कुणाचा, हे जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं. पेढे मात्र संपले होते.

खरं तर पूर्ण पैसे भरले तरी काय हाती लागतं, हे करारात लिहिलेलं आहे: विंडोज विकली जात नाही, वापरायचा परवाना दिला जातो. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर भोगवटादाराच्या रकान्यात नाव मायक्रोसॉफ्टचंच राहतं. दहा हजारांत तुमचं नाव लागतं ते ‘इतर अधिकार’ या रकान्यात, बारीक अक्षरांत, अटींसह. लॅपटॉपसोबत आलेल्या परवान्याची गत आणखी वाईट. मदरबोर्ड मेला की तोही सती जातो. विदर्भातल्या कुळाला निदान १९५८ चा कूळकायदा आहे.

आणि विंडोजपाशी थांबायचं तर थांबता कुठे येतं? पासपोर्ट फोटो ज्यावर आठ-आठ बसवतात ते फोटोशॉप सात, २००२ चं. लग्नपत्रिका पेजमेकरवर, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. ते आज पैसे देऊन मागितलं तरी अ‍ॅडोबी विकत नाही, दरमहा भाड्याचं दुसरं काहीतरी दाखवते. चौकातल्या फ्लेक्सवर ‘भावी आमदार’ दोन्ही हात जोडून उभे आहेत, त्यांच्या मागचं कोरलड्रॉ कुठून आलं हे विचारण्याची शहाण्याने हिंमत करू नये. या सगळ्या नकली पसाऱ्यात एक वस्तू मात्र हमखास असली आणि पावतीसकट: अँटिव्हायरस. रहिमतपूरकडच्या कैलाश काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून पुण्यात क्विक हील उभी केली, २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. चोरीच्या घराला विकत घेतलेलं कुलूप लावणारा मराठी माणूस त्यांनी बरोबर ओळखला, हे मानलं पाहिजे.

अपडेट बंद ठेवण्याची किंमत एरवी कळत नाही. वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने १२ मे २०१७ ला जगभरचे संगणक ओलीस धरले, तेव्हा त्या भोकावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या गटाचं टर्मिनल ठप्प केलं. तिथली विंडोज चोरीची होती असं मुळीच नाही, आणि हा मुद्दा मारणारा पोरगा हमखास काढतो: ‘त्यायची तं ओरिजनल होती ना? मंग?’ उत्तर आहे, पण ते ऐकायला तो थांबत नाही, पुढचं गिऱ्हाईक असतं.

फुकट आणि कायदेशीर असा रस्ता आहेच. लिनक्स. सी-डॅकने २००७ मध्ये बॉस नावाची देशी आवृत्ती काढली. संरक्षण खात्याने २०२३ मध्ये उबुंटूवर बेतलेली माया काढली. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल लिनक्स आणि लिबरऑफिस मराठीतून शिकवतात. केंद्रचालकाने डेस्कटॉपवर लिनक्स टाकलं. जुना आय-थ्री पळायला लागला. दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी पेन्शनवाला म्हातारा जिवंत असल्याचं सांगायला आला, त्याचा अंगठा मशीनवर ठेवला आणि मशीन ढिम्म. आधारची ही मशीन ज्या सेवेवर चालतात ती कंपन्यांनी प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठी केलेली. म्हाताऱ्याने अंगठा पुसला, पुन्हा ठेवला, केसांना घासून तेल लावून ठेवला. लिनक्सच्या मते तो अजून सिद्ध व्हायचा होता. शेवटी त्याला असली विंडोजच्या लॅपटॉपकडे नेलं आणि तिथे तो जिवंत निघाला.

रांग हे सगळं बघत होती. लॅपटॉपात नवीन काय आहे, याची चौकशी सुरू झाली. केंद्रचालकाने छाती थोडी पुढे काढून सांगितलं की ही ओरिजनल आहे, कंपनीची, बाजारात घ्यायला गेलं तर दहा हजारांवर जाते. मागे कुणीतरी ‘अबाबा’ केलं. सातबाऱ्याचे पंधरा रुपये मोजून देत असलेल्या शेतकऱ्याने कागद घडी करून खिशात घातला, त्याच खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि आदराने पुढे केला.

‘ओरिजनल हाय ना? मंग याच्यात टाकून देजो. पोराच्या लॅपटॉपात मारतो.’